कंबर, तळवा आणि जुना व्रण

१९४५ साली अमेरिकेतल्या पॅथॉलॉजीच्या एका नियतकालिकात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून गेलेला एक निबंध छापून आला. लेखक होते डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. बी. सूर्याबाई. लोकांच्या राहणीतून आणि सवयींतून होणारे तीन नवे कॅन्सर त्यांनी त्यात मांडले होते. पेटतं टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा एक, ओठामागे तंबाखू-चुना धरून ठेवणाऱ्यांचा दुसरा आणि तिसरा चक्क कमरेचा. धोतराची गाठ वर्षानुवर्षं एकाच जागी काचते. तिथली कातडी काळवंडते, जाड होते, सोलवटते, मधूनच पांढरी पडते आणि एखाद्याला पुढे तिथेच न भरणारी जखम होते. डॉक्टरांच्या बोलण्यात या दुखण्याला ‘धोती कॅन्सर’ असं नाव पडलं.

ऐंशी वर्षं उलटली, तरी त्वचेच्या कॅन्सरचा विषय निघाला की आपल्यासमोर येतं ते चित्र ऑस्ट्रेलियाचं किंवा युरोपचं असतं: गोरी कातडी, समुद्रकिनारा, ऊन, पाठीवरचा तीळ आणि सनस्क्रीनची बाटली. त्या देशांपुरतं ते खरंच आहे. ऑस्ट्रेलियात मेलानोमाचं प्रमाण वर्षाला लाखामागे तीसहून जास्त आहे, भारतात ते एकाहूनही कमी. आपल्या एकूण कॅन्सरमध्ये त्वचेचा वाटा शेकडा एक-दोन इतकाच धरला जातो. पण हे आयतं चित्र डोक्यात ठेवून रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाची कातडी तपासायला गेलं, तर नजर भलत्याच जागी जाते. आपल्याकडे बघायच्या जागा म्हणजे कंबर, तळवा, नखं, भाजल्याचा जुना व्रण आणि वर्षानुवर्षं वाहणारी पायाची जखम. चेहरा आहेच, पण तो निदान आरशात तरी दिसतो.

ऊन इथे कमी नाही. रत्नागिरी सतरा अक्षांशावर आहे. मिरकरवाड्याच्या जेटीवर किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर मासळी उतरवणाऱ्यांना वरून ऊन लागतं आणि पाण्यावरून परतून पुन्हा तेच लागतं. तरीही गोऱ्या माणसाला होतो तसा उन्हाचा कॅन्सर इथे सर्रास होत नाही, याचं श्रेय मेलानिनला. कातडीतलं हे रंगद्रव्य अतिनील किरणं अडवतं. ज्यांच्या अंगात ते जन्मतःच नसतं किंवा नावापुरतं असतं, त्यांना हे संरक्षण मिळत नाही. पांढरे केस, पांढऱ्या पापण्या आणि गुलाबी कातडी घेऊन जन्मलेल्या मुलाला भर दुपारी बागेत राखणीला किंवा होडीवर पाठवू नये, अंगभर कपडे आणि टोपी घालावी, एवढं तरी गावाने समजून घ्यायला हवं. झिरोडर्मा पिगमेंटोझम हा आणखी एक दुर्मिळ आनुवंशिक आजार. त्यात उन्हाने पेशींच्या गाभ्यात झालेली मोडतोड दुरुस्तच होत नाही. मूल वर्ष-दोन वर्षांचं असतानाच चेहऱ्यावर ठिपके उठतात आणि शाळेच्या वयातच कॅन्सर होऊ शकतो. नात्यात लग्नं होतात तिथे तो जास्त आढळतो. सावळ्या माणसाचं उन्हाने बिघडणारं मुख्य ठिकाण म्हणजे खालचा ओठ. तो कायम सोललेला, पांढुरका आणि कडक राहत असेल तर दाखवून घ्यावा, तंबाखू खाणाऱ्याने तर नक्कीच.

आता मुख्य तीन प्रकार. कातडीच्या वरच्या थरातल्या सपाट पेशींपासून होतो तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, त्याच थराच्या तळातल्या पेशींपासून बेसल सेल कार्सिनोमा आणि रंग तयार करणाऱ्या पेशींपासून मेलानोमा. जगात बेसलचे रुग्ण सर्वांत जास्त आहेत. आपल्याकडे बऱ्याच रुग्णालयांच्या नोंदींत स्क्वॅमसचा क्रमांक पहिला लागतो, काहींत बेसलचा. मेलानोमा दोन्हीकडे मागे आहे, पण जिवाला धोका त्याचाच जास्त.

स्क्वॅमसबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या राहणीशी त्याचं सगळ्यात जवळचं नातं आहे. धोतर गेलं, पँट आली, आणि पुरुषांच्या कमरेचा तो कॅन्सर जवळपास दिसेनासा झाला. बायकांच्या परकराची नाडी मात्र तशीच राहिली. २००५ च्या सुमारास मुंबईच्या डॉक्टरांनी ‘साडी कॅन्सर’ या नावाने असा रुग्ण नोंदवला. २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी मिळून आणखी दोन वयस्क बायकांची हकिगत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्यातली एक परकराशिवाय लुगडं नेसणारी होती. नुसत्या लुगड्याची गाठही काचतेच, असा त्याचा अर्थ. तिचा आजार जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलेला होता.

घट्ट नाडी बांधणाऱ्या कुणाही वयस्क बाईची कंबर पाहिली, तर बोटभर रुंदीचा काळा पट्टा दिसतो. नाडीची गाठ ज्या बाजूला पडते तिथे तो जास्त जाड असतो. उन्हाळ्यात घाम, पावसाळ्यात लावणीच्या वेळी ओलं नेसण, वर मीठ आणि धूळ. खाज सुटते, खाजवून सोलतं आणि सोललेल्यावर पुन्हा तीच नाडी बसते. बहुतेकींचं प्रकरण इथेच थांबतं आणि हा नुसता पट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे, हे ठासून सांगायला हवं. पण त्या पट्ट्यात एखादी जागा महिना-दीड महिना भरली नाही, कडा वर उचलल्यासारख्या आणि हाताला टणक लागल्या, मधून रक्त किंवा घाण वास येऊ लागला, तर ती जागा डॉक्टरांनी पाहायलाच हवी. अडचण अशी की कंबर दाखवायची म्हणजे पदर-परकर सैल करणं आलं, आणि आमच्या आज्या-मावश्या पुरुष डॉक्टरासमोर ते करत नाहीत. ‘दुखत नाही ना, मग कशाला?’ हे वर. उपाय फुकटातला आहे: नाडीऐवजी रुंद पट्टा किंवा सैल इलॅस्टिक, गाठीची जागा बदलत राहणं आणि घरात असताना सैल गाऊन.

दुसरी जागा जुन्या व्रणाची. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलँ यांनी १८२८ साली जुनाट व्रणांत उद्भवणाऱ्या या जखमांचं वर्णन केलं. त्यांच्या नावावरून आजही त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. लहानपणी न्हाणीघरातलं उकळतं पाणी अंगावर सांडलेलं असतं किंवा चुलीत पाय पडलेला असतो. त्या वेळी कातडी लावण्याची सोय नव्हती, जखम महिनोन् महिने घेऊन आपली आपण भरली आणि गुडघ्यामागे किंवा घोट्यावर ताणलेला, तकतकीत व्रण राहिला. चालताना तो फाटतो, भरतो, पुन्हा फाटतो. अशा व्रणांपैकी शेकडा एक-दोनमध्ये पुढे कॅन्सर होतो, तोही सरासरी तीसेक वर्षांनी. त्यामुळे पन्नाशीतल्या माणसाला सहाव्या वर्षी भाजल्याचा आणि आताच्या जखमेचा संबंध सुचतच नाही. काश्मीरमध्ये फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसण्याने पोटाला आणि मांड्यांना होणारा कॅन्सर डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ सालीच नोंदवला होता. त्याचीही जात हीच.

कोकणात यात तिसरी भर पडते ती कुष्ठरोगाची. रत्नागिरीत ब्रिटिश काळापासून कुष्ठरुग्णांसाठी वेगळं रुग्णालय होतं, यावरून या जिल्ह्यातला तो प्रश्न किती जुना आहे ते कळतं. औषधांनी रोग बरा होतो, पण बधिर झालेला पाय बधिरच राहतो. तळव्याला पडलेली जखम दहा-दहा, वीस-वीस वर्षं वाहते. अशा जखमेत एक दिवस फुलकोबीसारखं मांस वर येऊ लागतं आणि ‘जुनीच जखम आहे’ म्हणून आणखी एक वर्ष जातं. खानोलकरांनी कमरेच्या कॅन्सरबरोबर कुष्ठरोगाच्या पॅथॉलॉजीतही मोलाचं काम केलं होतं. या दोन विषयांचा असा संबंध आपल्याकडच्या मातीतच आहे.

उन्हाने होणारा स्क्वॅमस सहसा सावकाश वाढतो आणि वेळेत काढला तर बरा होतो. व्रणातला स्क्वॅमस त्याच्यापेक्षा आक्रमक असतो, लसिकाग्रंथींत लवकर उतरतो. पायाच्या जखमेबरोबर जांघेत अवधाण आलं की लोक जखम पिकल्याचं समजतात. बऱ्याचदा तसंच असतं. पण जखमेची सूज उतरूनही गाठ टणकच राहिली तर सुईने तिची तपासणी करून घ्यावी.

इथे डॉक्टरांचीही फसगत होते, हे कबूल करायला हवं. पावसाळी, दमट पट्ट्यात अनवाणी काम करणाऱ्यांच्या पायाला काट्यातून बुरशी शिरते आणि चामखिळींचा जाड थर बनतो. क्रोमोब्लास्टोमायकोसिस असं लांबलचक नाव असलेला हा आजार हुबेहूब स्क्वॅमससारखा दिसतो. त्वचेचा क्षयही तसाच फसवतो. आणखी गुंता असा की हे दोन्ही आजार वर्षानुवर्षं तसेच राहिले तर त्यांच्यातही क्वचित कॅन्सर निर्माण होतो. डोळ्यांनी पाहून छातीठोक निदान करणाऱ्यापासून म्हणूनच जरा जपून राहावं.

बेसल सेल कार्सिनोमाचं तसं नाही. त्याची आवडती जागा चेहरा: नाकाची बाजू, डोळ्याचा आतला कोपरा, खालची पापणी. पुस्तकांत त्याचं वर्णन मोत्यासारखी चमकणारी, बारीक लाल शिरा दिसणारी पुटकुळी असं असतं, आणि इथेही पुस्तक गोऱ्या कातडीचं आहे. आपल्या कातडीवर तो बहुतेक वेळा काळा किंवा काळपट-निळा दिसतो, लोक त्याला तीळ समजतात आणि नवशिका डॉक्टर मेलानोमा समजून घाबरतो. त्याची खूण कडेला असते. चांगल्या उजेडात कातडी जरा ताणून पाहिली तर काठावर बारीक मण्यांची गुंफण दिसते. मध्ये खपली धरते, पडते, थोडं रक्त येतं, पुन्हा धरते. ‘पुटकुळी आहे, दाढी करताना कापली’ हे कारण वर्षभर पुरतं. तो इतर अवयवांत जवळजवळ कधीच पसरत नाही, पण जागच्या जागी कुरतडत राहतो. डब्लिनचे डॉ. आर्थर जेकब यांनी १८२७ साली पापण्यांजवळच्या अशा जखमांचं वर्णन केलं होतं. पुढे त्याला ‘उंदराने कुरतडलेली जखम’ अशा अर्थाचं नाव इंग्रजीत मिळालं. उपचाराविना राहिला तर नाक किंवा डोळा घेऊन जातो, जीव सहसा घेत नाही. अंगावर झाकलेल्या जागी असे अनेक डाग उठले आणि तळहाताला बारीक टणक दाणे आले, तर डॉक्टर पाण्यातल्या किंवा जुन्या औषधांतल्या आर्सेनिकबद्दल विचारतात. आर्सेनिकचं पाणी हा मुख्यतः बंगाल-बिहारचा प्रश्न आहे, कोकणाचा नाही.

मेलानोमा आपल्याकडे दुर्मिळ आहे म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं आणि दुर्लक्ष होतं म्हणून तो उशिरा सापडतो. २०२२ मध्ये जगभरात त्याचे सुमारे ३ लाख ३० हजार नवे रुग्ण आणि ५८ हजारांहून जास्त मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. भारतीयांत तो प्रामुख्याने तळव्याला, टाचेला, नखाखाली आणि तोंडाच्या किंवा गुदद्वाराच्या आतल्या अस्तरात होतो. या जागांना ऊन लागत नाही, त्यामुळे सनस्क्रीनचा इथे काही संबंध नाही. गायक बॉब मार्ली यांना पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच प्रकार झाला होता. १९७७ साली निदान झालं आणि १९८१ मध्ये ते गेले, वय ३६.

कोकणात तळवा ही खास अडचणीची जागा आहे. जांभ्याचे खडे, काटे, भेगा, चिखल्या, भोवऱ्या, कुरुपं यांतलं काहीतरी प्रत्येक शेतकऱ्याच्या पायाला असतंच. त्यात एखादा काळा डाग मिसळला तर वेगळा उठून दिसत नाही. टाचेवर चपलेने रक्त साकळूनही काळा डाग पडतो. असा डाग ब्लेडने हलकेच खरवडला तर निघून येतो. हे काम डॉक्टरने करायचं, घरी नाही. नखाची परीक्षा मात्र घरी करण्याजोगी आहे. ठेच लागून नखाखाली रक्त साकळलं असेल तर तो डाग नखाबरोबर पुढे सरकतो. नखावर डागाच्या मागच्या कडेपाशी पेनाने बारीक खूण करावी आणि फोटो काढून ठेवावा. हाताचं नख साधारण सहा महिन्यांत आणि पायाच्या अंगठ्याचं वर्ष-दीड वर्षात पूर्ण नवं येतं. महिन्या-दोन महिन्यांत डाग आणि नखाचं मूळ यांच्यामध्ये स्वच्छ जागा दिसू लागली तर काळजी मिटली. डाग मुळापासून टोकापर्यंत उभ्या पट्ट्यासारखा असेल, रुंद होत असेल आणि काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला असेल, तर एक दिवसही वाट पाहू नये. अनेक बोटांच्या नखांवर बारीक, एकसारख्या काळ्या रेघा सावळ्या माणसांना सहज असतात. एकाच नखावर, नव्याने आलेली आणि बदलणारी रेघ संशयाची.

तिळांसाठी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ साली चार खुणांचं सूत्र दिलं: दोन अर्धे एकसारखे नसणं, काठ वेडेवाकडे असणं, एकाच तिळात अनेक रंग असणं आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाहून, म्हणजे सहा मिलिमीटरहून मोठा आकार. बदल ही पाचवी खूण २००४ मध्ये जोडली गेली, आणि माझ्या मते आपल्यासाठी तीच पहिली. काही मेलानोमांना काळा रंगच नसतो. ते लालसर मांसासारखे दिसतात आणि बरी न होणारी कुरुपं म्हणून महिनोन् महिने पट्ट्या लावून घेतात.

या तिन्हींच्या निदानाचा समान शत्रू आपला घरगुती उपाय. चामखिळीला घोड्याचा केस बांधणं, तिळाला चुना लावणं, भोवरीवर बिब्बा तापवून ठेवणं. बिब्ब्याचं तेल कातडी अक्षरशः जाळतं. वर काळी खपली धरते, आतला आजार तसाच राहतो आणि नंतर पाहणाऱ्याला मूळ काय होतं ते कळायची सोय राहत नाही. आंब्याच्या चिकाने किंवा काजूच्या टरफलातल्या तेलाने पडलेला डाग महिन्या-दोन महिन्यांत फिका पडत जातो. जो डाग त्याउलट वाढतो, त्याला चिकाच्या खात्यावर टाकू नये.

शेवटचा निवाडा बायोप्सीचा. जागा बधिर करणारी सुई दिली की पेनाच्या रिफिलीपेक्षा थोडी जाड, गोल धारेची नळी फिरवून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका घालतात आणि माणूस चालत घरी जातो. तुकडा जखमेच्या कडेचा घ्यावा लागतो, कारण मधल्या भागात नुसतं मेलेलं मांस असतं. जुना व्रण मोठा असेल तर दोन-तीन ठिकाणचे घ्यावेत. मेलानोमाचा संशय असेल तर शक्यतो पूर्ण डागच थोड्या मोकळ्या काठासह काढतात, कारण त्याची खोली मोजायची असते. तुकडा फॉर्मॅलिनमध्येच जायला हवा. पाण्यात ठेवून एसटीने धाडलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टच्या हाती पडेपर्यंत वाचता येण्यासारखा राहत नाही. ‘चाकू लावला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत या साध्या तपासणीच्या आड येते. तिला कसलाही आधार नाही. पसरतो तो वाट पाहण्याने.

सूक्ष्मदर्शकाखाली तिघांचे चेहरे वेगळे असतात: बेसलमध्ये काठाला कुंपणासारख्या ओळीत उभ्या पेशी, स्क्वॅमसमध्ये केराटिनचे गोल मोती, मेलानोमात रंगद्रव्य असलेल्या विस्कळीत पेशी, आणि शंका राहिली तर त्यांच्यासाठी खास रंगांची तपासणी. मेलानोमाचं भवितव्य ठरवणारं माप १९७० साली अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दिलं. पृष्ठभागापासून किती मिलिमीटर खोल गेला, एवढाच प्रश्न. एक मिलिमीटरच्या आत असेल तर शस्त्रक्रियेनेच बहुतेक रुग्ण बरे होतात. चारच्या पुढे गेला तर चित्र पालटतं.

उपचारांचं थोडक्यात सांगतो, कारण निदान वेळेत झालं तर ते तिन्हींसाठी साधेच असतात: भोवतालच्या चांगल्या कातडीच्या काठासह गाठ काढणं, गरज पडली तर कातडी लावणं आणि काही जागी रेडिएशन. उशीर झाला तर बोट किंवा पाऊल जातं, आणि मेलानोमात लाखांच्या घरातली इम्युनोथेरपी लागते. ती औषधं २०११ नंतर आली आणि त्यांनी अनेकांना आयुष्य दिलं. मात्र मेलानोमाच्या ज्या जनुकीय बदलावरच्या गोळ्यांचा गोऱ्या देशांत मोठा गाजावाजा झाला, तो बदल तळव्याच्या मेलानोमात कमी आढळतो.

रत्नागिरीकराला हे सगळं मुंबईतच मिळतं, असं आता नाही. जिल्हा रुग्णालय आहे, २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि चिपळूण तालुक्यात डेरवणला टाटा मेमोरियलबरोबर अनेक वर्षं कॅन्सरचं काम करणारं वालावलकर रुग्णालय आहे. परळच्या टाटा मेमोरियलला जावं लागलंच, तर ते बायोप्सीचा कागद हातात घेऊन जावं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांची सोय आहे. तरीही गावोगावची गत अशी की दुखणं बोलून दाखवायचं ते चाकरमानी मुलगा गणपतीला येईल तेव्हा, आणि दाखवायला जायचं ते शिमग्यानंतर.

सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर आहेत. त्वचेसाठी चौथी मोहीम मागण्यात अर्थ नाही, इतक्या कमी रुग्णांसाठी ती परवडणार नाही. पण कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई आणि पुरुष स्वयंसेवक घरोघरी जातातच, बायकांची कातडी बाई पाहते, पुरुषांची पुरुष पाहतो. संकोचाचा प्रश्न तिथे आधीच सुटलेला आहे. त्याच भेटीत दोन प्रश्न जास्त विचारता येतील: ‘कमरेवर, पायावर किंवा जुन्या व्रणावर दीड महिन्यात न भरलेली जखम आहे का?’ आणि ‘तळव्याला किंवा एकाच नखाला नवा काळा डाग आहे का?’ याला नवं यंत्र लागत नाही, नवा पगार लागत नाही, फक्त नोंदवहीत दोन रकाने लागतात. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि जिल्हा परिषदेने पुढच्या फेरीच्या आधी हे दोन रकाने छापून घ्यावेत.